जंगूच्या सोळा खाचा

माहं नाव वासुदेवराव झाडे. वर्ध्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकतीस वर्षं टर्नर होतो, म्हणजे लेथवर लोखंड कातणारा माणूस. माहा हात असा बसला होता की मी नळी आतून घासली की तिच्यात तोंड पाहून तुम्ही भांग पाडावा. हे मी फुशारकी म्हणून नाई सांगत. आता खरं बोलायचं तं फुशारकी म्हणूनच सांगून राह्यलो, पण खोटं एक अक्षर नाई त्यात.

सांगायचं हाय ते जंगूचं. पण जंगूचं सांगाले बसलो की मीच मधात येतो, त्याले माहा इलाज नाई.

आमच्या कॉलेजात एम.टेक.चे अन् पीएच.डी.चे पोट्टे-पोट्ट्या नवीन मशीनी शोधून काढतात. कोणी सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र, कोणी पंपाचं काहीतरी, कोणी रिअ‍ॅक्टर. कागदावर ते बनवतात, लोखंडात आम्ही. चार-पाच वर्षांनी त्याचा जाडजूड प्रबंध होते. त्याच्या सुरवातीले एक पान असते, ऋणनिर्देशाचं. गाईड सरचे आभार, आईबापाचे आभार, अन् खाली एका ओळीत आमच्यासारख्याचं नाव. त्या पानाची झेरॉक्स मी मांगून घेतो. कोणाले तंबाखूचं व्यसन असते, मले ह्याचं होतं. सतरा पानं होती माह्याजवळ, लॅमिनेशन करून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली. डिसेंबरात मी रिटायर होणार होतो. अठरावं पान ज्योत्स्नाच्या प्रबंधाचं, ते शेवटचं. ते मले पाहिजे होतं. बाकी जे झालं ते सारं त्या पानाच्या पायी झालं.

जंगू टेकाम हा कोलाम. गिरडच्या अलीकडं टेकडीले लागून त्याचं पोड हाय, पोड म्हणजे कोलामाची वस्ती. नववीत शाळा सुटली अन् हा जामच्या चौरस्त्यावर एका गॅरेजात ट्रकचे नट पिळाले लागला. आठ-नऊ वर्षं तिथंच काढली. मंग ठेकेदाराच्या मार्फत आमच्याकडं हेल्पर म्हणून आला, त्याले आता अकरा वर्षं होतात. काम काय, तं लेथखालचा लोखंडाचा बुरा झाडायचा अन् फरशीवरचं तेल पुसायचं. तिसऱ्याच दिवशी हातात झाडू घेऊन माह्याजवळ आला अन् म्हणे, "काका, हिचं मागचं बेरिंग रडून राह्यलं."

मी म्हणलं, "तू झाडू मार बे. रडायचं आम्ही पाहून घेऊ."

आठ दिवसांनी लेथ बसली. खोललं तं बेरिंग पार गेलेलं.

तेव्हा मले त्याचं कौतुक वाटलं, खोटं काऊन बोलू. मी त्याले शिकवाले लागलो. टूल कसं घासायचं, पोलादाले किती खायचं अन् पितळेले किती, माप घेताना श्वास कसा धरायचा. सारं मीच शिकवलं. दोन वर्षांत त्याच्या अंगठ्याच्या नखाले जे समजे, ते मले मायक्रोमीटर लावून समजे. शाफ्टवर नख फिरवून म्हणे, "उलशीक जाड हाय, काका." अन् असे ती जाड!

आता कॉलेजचा नियम असा की ठेक्यावरच्या हेल्परनं मशीनले हात लावायचा नाई. म्हणून काम कोणी भी करो, जॉब कार्डावर कारागिराच्या रकान्यात नाव माहंच. जंगूनं काम करायचं अन् वा. ना. झाडे लिहून सही मी ठोकायची. त्यानं कधी चकार शब्द काढला नाई. मी भी काढला नाई.

पण पोट्टे काय आंधळे असतात? हळूहळू ते दारातून डोकावत अन् मलेच विचारत, "काका, जंगूभाऊ कोठी हायेत?" अरे, मी काय खांब हाओ का अथी? ड्रॉइंग माह्या टेबलावर ठेवून जात, पण डोळे जंगूले शोधत. त्यानं हो म्हणलं की त्यांचा जीव खाली पडे. मी हो म्हणलं तं म्हणत, "बरं काका," अन् मंग उलशीक वेळानं जंगूजवळ जात. माह्या अंगाचा तिळपापड होई. त्याच्या मायचा, सखूबाईचा, रोज दुपारी फोन येई. दोघं मायलेक कोलामीत बोलत. मले एक शब्द समजत नसे, अन् मले पक्कं वाटे की माहंच बोलणं चाललं हाय. एकदा तो फोनवर हसला तं मी दोन दिवस त्याच्यासंगं बोललो नाई. मीराबाई, माही बायको, म्हणे, "त्या जंगूच्या पायी तुम्ही रोज एक पोळी कमी खाता. त्याले कायचं हाय सांगा?" मी म्हणलं, तू चूप बस.

ज्योत्स्ना हिंगणघाटची. पाच वर्षांपासून एका रिअ‍ॅक्टरच्या मागं लागली होती. गोष्ट अशी, की कापूस येचून झाला की वावरात पऱ्हाटी उभी राह्यते. लोक ती उपटून धुऱ्यावर जाळून टाकतात. ज्योत्स्ना म्हणे, जाळू नका. तिचे बारीक तुकडे करा, बंद नळीत हवा न लागू देता तापवा, म्हणजे तिचा कोळसा होते. तो वावरात घातला की माती ओल धरून ठेवते. नळीच्या आत एक लांब स्क्रू फिरते अन् तुकड्याले ह्या टोकाकडून त्या टोकाले ढकलत नेते. घरी मी रिअ‍ॅक्टर म्हणलं तं मीराबाई म्हणे, "अवो, अणुबाँब करून राह्यले का? अगोदर सांगजा, मी माहेरी जाईन."

नळी मी केली. दोन फूट लांब, आतून चार इंच. आठ दिवस लावले मी तिले, एमरी कागद मारून मारून आरसा केला आरसा. ज्योत्स्नानं मोबाइलचा टॉर्च मारून पाह्यलं अन् म्हणे, "वॉव काका!" ती असं म्हणली की मले लय बरं वाटलं. जंगूनं आत हात फिरवला अन् म्हणे, "भल्ली गुळगुळीत झाली, काका."

"मंग? खडबडीत पाहिजे होती का?"

तो फडक्यानं हात पुसाले लागला. ते मले जास्त टोचलं.

जुलैत पहिली चाचणी झाली अन् पऱ्हाटीचे तुकडे पुढं सरकतच ना. स्क्रूसंगं गोल गोल फिरत बसले, लेकाचे. ज्योत्स्नाचं तोंड उतरलं. मी छातीठोक सांगतलं की स्क्रूचा उतार चुकला, तो बदला. स्क्रू जंगूनं वेल्ड केला होता, म्हणून मले ते सांगाले उलशी मजाच वाटली. नळीत काही चूक असन हे माह्या मनाले शिवलं भी नाई. माही नळी चुकूच शकत नव्हती.

त्यानंतर मीराबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं अन् मी पाच दिवस रजेवर गेलतो. मागं काय झालं ते मले फार उशिरा समजलं, पण तुम्हाले आताच सांगून टाकतो. जंगू ज्योत्स्नाले म्हणे, "ताई, नळीत खाचा पाडा. घरचं जातं गुळगुळीत झालं की त्यात दयण दयल्या जाते का? त्याले टाकी लावा लागते. तसंच हे. नळीनं तुकड्याले उलसं धरून ठेवलं पाहिजे, तवा स्क्रू त्याले ढकलन." ज्योत्स्नानं हे तिच्या गाईडले, धनंजय सरले, सांगतलं. सरनं गणित मांडलं अन् म्हणे, बरोबर आहे याचं. ज्योत्स्नानं नवीन ड्रॉइंग काढलं. आमच्याकडं तशी खाच पाडायची मशीन नाई. जंगूनं लेथचा चक अडकवून टाकला, म्हणजे नळी फिरत नाई, अन् आत टूल घालून, ते धरणारा गाडा हातानं मागं-पुढं ओढला. एका खाचेले दीड-दोनशे वेळा. अशा सोळा खाचा, मिलिमीटरभर खोल. ही युक्ती मीच त्याले शिकवली होती, एका पुलीत चावी, म्हणजे लोखंडी पाचर, बसवायची होती तवा. पाच दिवसांत त्याच्या तळहाताची सालं निघाली.

मी कामावर आलो तं जंगू धावत आला. "काका, नळीचं सांगायचं होतं उलसं..."

"मले आता नळीचं शिकवतं का बे तू?"

तो तिथंच थांबला. मी विचारलं असतं तं एका मिनिटाचं काम होतं. पण मी जंगूले विचारू? मी?

मंग तो अन् सारेच पोळ्यासाठी घरी गेले. मी एकटा असताना नळीत टॉर्च मारला. माह्या आरशावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे! हातानं ओढलेल्या खाचा त्या, कडा करवतीसारख्या. अन् टेबलावर जॉब कार्ड, त्यावर कारागीर म्हणून वा. ना. झाडे. माह्या रजेत, माह्या नावावर, माह्या कामाचा सत्यानास! मले वाटलं, ह्यानं मुद्दाम केलं. बाहेरचा परीक्षक येईन, नळीत पाहीन अन् म्हणन, हे कोण्या झाड्याचं काम हाय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती. गल्लीगल्लीत लेकरं लाकडी नंदी सजवून दारोदार हिंडून राह्यली होती. वर्कशॉपची चावी माह्याजवळच असे. मी सकाळी आलो, नळी उतरवली, लेथवर बांधली अन् आतून एक-एक कापा घेत गेलो. खाचा उथळ होत गेल्या, मंग रेषा राह्यल्या, मंग त्या भी गेल्या. वरून एमरी मारली. दुपारी दोन वाजता आत पाह्यलं तं माहा चेहरा दिसला. नळी जशीच्या तशी बसवली, वरून तापरोधक गुंडाळलं अन् घरी येऊन पुरणपोळी खाल्ली. त्या दिवशी मी चार खाल्ल्या.

मले मशीन बंद पाडायची नव्हती. कोण्या देवाची शपथ घालता ते सांगा. मले वाटलं, माह्या सांगण्यावरून स्क्रूचा उतार बदलला हाय, आता ते चालनच. चाललं की मी सांगीन की पाहा, हे माह्या नळीवर चाललं.

त्यानंतर दोन दिवसांनी अकरा वाजता समिती आली. धनंजय सर, कॉलेजचे आणखी एक सर, अन् बाहेरचे एक म्हातारे परीक्षक. ज्योत्स्नाची ही शेवटची मुदतवाढ होती, हे झालं नाई तं तिची नोंदणी रद्द. तिनं बटण दाबलं. पाच मिनिटं चाललं. मंग स्क्रू कण्हल्यासारखा झाला, जळका वास आला, पट्टा घसरला अन् मोटर बंद पडली. खोललं तं आत तुकड्याचा जळलेला गठ्ठा, जागच्या जागी.

धनंजय सरनं टॉर्च मारला. "खाचा कुठे आहेत? या नळीत सोळा खाचा होत्या ना?"

ज्योत्स्ना माह्याकडं पाहे, जंगूकडं पाहे. तवा मले समजलं की खाचा ड्रॉइंगात होत्या. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते काय असते, ते मले त्या वेळी समजलं.

परीक्षकानं कार्ड पाह्यलं. "हे झाडे कोण?"

"मी, सर."

"खाचा कोणी घालवल्या?"

अकरा वर्षांत मी कोण्या सरसमोर, कोण्या कार्डावर, कोण्या पोट्ट्याच्या पानासाठी जंगूचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं. म्हणलं, "मी रजेवर होतो, सर. हा जंगू, हेल्पर हाय. मशीनले हात लावते तो. साफसफाई कराले गेला असन."

जंगू नळीत हात घालून उभा होता. त्यानं आतून अंगठा फिरवला, टोकापर्यंत. मंग हात काढून घेतला अन् मान खाली घातली. ज्योत्स्ना म्हणाले लागली, "जंगूभाऊ, सांगा ना काही," तरी तो बोलला नाई.

दुपारी तो बाहेर नळावर हात धुऊन राह्यला होता. मी तिकडून जाणारच नव्हतो, पण सायकल तिकडंच होती. तो म्हणे, "काका, त्या नळीत तोंड दिसून राह्यलं. एवढी सफाई माह्या बापाच्यानं भी होत नाई."

"मंग बोलला काऊन नाई तू?"

"तुमचे चार महिने राह्यले ना नोकरीचे," तो म्हणे, अन् शर्टाले हात पुसले.

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं त्याले बंद केलं, अन् तो परत जामच्या गॅरेजात गेला. परीक्षक भला माणूस, त्यानं ज्योत्स्नाले तीन आठवडे देले.

आता खाचा पाडायच्या कोणी? ज्योत्स्ना म्हणे, "काका, आता तुम्हीच." पाहा, जी गोष्ट ऐकाले मी अकरा वर्षं थांबलो, ती तिनं म्हणली, अन् मले घाम फुटला. मी चक अडकवला, टूल घातलं अन् गाडा ओढाले लागलो. पहिल्या खाचेले दीड दिवस. चार खाचा झाल्या तं खांदा गळून पडला. पाचवीले गाडा हातातून सुटला अन् टूल घसरलं. अठ्ठावन वर्षाचा हात तो. चार दिवस मी घरी शेक घेत बसलो. मुदतीतले अकरा दिवस गेले होते.

मंग मी नळी पोत्यात गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली अन् जामले गेलो. हायवेच्या काठाले, गॅरेजमागं एक टिनाचं शेड होतं. त्यात एक जुनाट लेथ अन् लेथवर जंगू. मले पाहून त्यानं स्टूल पुसलं. "बसा काका. चहा सांगतो."

मी पोतं सोडलं. त्यानं नळीत अंगठा फिरवला. "चार झाल्याच हायेत. बाराच राह्यल्या."

मले वाटलं होतं, हा दोन शिव्या घालन, नाईतं कमीत कमी तोंड फिरवन. काहीच नाई. मले त्याचा राग आला की ह्याले राग कसा येत नाई! मी म्हणलं, "ज्योत्स्नाले सांगू नको, मी अथी आलतो म्हणून." तो म्हणे, "बरं." तीन दिवस मी रोज पहिल्या गाडीनं जाऊन त्याच्याजवळ बसलो. गाडा जाई अन् येई, जाई अन् येई. त्याचा हात मोजल्याशिवाय बराबर तेवढाच ओढे. मी मुद्दाम चूक शोधत होतो. तीन दिवसांत एक नाई सापडली.

चाचणी झाली. पऱ्हाटी ह्या टोकानं आत गेली अन् त्या टोकानं काळाभोर कोळसा होऊन पडाले लागली. ज्योत्स्ना रडली, धनंजय सर हसले, परीक्षकानं कोळशाचा तुकडा रुमालात बांधून घेतला. "झाडे, कमाल केली तुम्ही," सर म्हणे. अन् ज्योत्स्ना म्हणे, "काका, ऋणनिर्देशात तुमच्यासाठी एक ओळ नाई, अख्खा परिच्छेद लिहून राह्यली मी."

मी हो म्हणलं. दोन दिवस मी हवेत होतो. कपाटाच्या खणात जागा भी करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी ज्योत्स्ना खोलीमापक घेऊन नळीपाशी बसली. नळीची किती झीज झाली ते तिले प्रबंधात लिहायचं होतं. एक-एक खाच मोजे अन् वहीत मांडे. मी बाजूले उभा. मोजून झाल्यावर म्हणे, "काका, बारा खाचा एकदम एका मापाच्या हायेत, केसभर फरक नाई. ह्या चारच उथळ अन् वाकड्या आल्या." मंग माह्याकडं पाहून हसली. "ह्या चार अगोदर केल्या असतील ना? मंग हात बसला तुमचा."

माह्या डोक्यात सणक गेली. एकतीस वर्षं लेथवर उभा राह्यलेल्या माणसाले ही पोट्टी म्हणे, हात बसला! मी ओरडलोच, "त्या चारच माह्या हायेत! बारा त्या जंगूच्या हायेत! जामले जाऊन करून आणल्या. अन् अगोदरच्या सोळा भी मीच घासल्या, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. झालं समाधान?"

बोलून गेलो अन् मंग समजलं काय बोललो ते. मनात चांगुलपणा आला म्हणून नाई बोललो मी. राग आला म्हणून बोललो.

तिनं खोलीमापक डबीत ठेवलं, डबी बंद केली. मंग म्हणे, "हे सरले सांगा, काका."

सांगतलं. सरनं लेखी मांगतलं, ते भी देलं. रिटायर व्हाले महिना असताना मले मेमो मिळाला. सरनं जंगूले फोन करून परत बोलावलं तं तो म्हणे, "नको सर. अथी मले लेथले हात लावाले कोणी मना करत नाई." त्याच्या शेडपुढं आता दुसऱ्या कॉलेजचे पोट्टे भी ड्रॉइंग घेऊन उभे राह्यतात म्हणे. हे मले सांगणारा एसटीचा ड्रायव्हर खुशीनं सांगत होता. मी त्याले म्हणलं, मले काय करायचं हाय त्याचं.

डिसेंबरच्या शेवटी निरोप झाला, शाल-नारळ मिळालं. ज्योत्स्ना आली होती. तिनं पाकीट देलं. आत ऋणनिर्देशाच्या पानाच्या दोन झेरॉक्स होत्या. म्हणे, "एक जंगूभाऊले नेऊन द्याल?" मी बाथरूमात जाऊन पान वाचलं. धनंजय सर, आई, बाबा, अन् शेवटी लिहिलं होतं: श्री. जंगू मारोती टेकाम, जाम, यांच्या हातांशिवाय हा रिअ‍ॅक्टर चालला नसता. मी तीनदा वाचलं. पान उलटून मागं पाह्यलं. झेरॉक्स ते, मागं काय असणार? माहं नाव नव्हतं. नसावंच, हे मले समजे. तरी मी तिथंच भिंतीले हात लावून उभा राह्यलो.

आठ दिवस पान घरीच पडून राह्यलं. मीराबाई रोज म्हणे, "नेऊन द्या त्याचं त्याले." शेवटी गेलो.

जंगूनं हात पुसून पान घेतलं, लेथच्या बाजूच्या टेबलावर ठेवलं अन् एका-एका शब्दावर बोट ठेवून वाचाले लागला. मले वाटलं, आता ह्याचा चेहरा फुलन. मी ते पाहाले तयार होऊन बसलो होतो. त्याचं बोट त्याच्या नावावर आलं, पुढं गेलं, पानाच्या तळापर्यंत गेलं, मंग परत वर आलं.

"काका, तुमचं कोठी हाय?"

"नाई हाय."

"असं कसं? पोट्टी भुलली वाट्टे."

ती भुलली नव्हती. मी सांगू शकत होतो. म्हणू शकत होतो की बराबर केलं तिनं, राहू दे. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, जिभेले लावली अन् आपल्या नावाच्या वर, दोन ओळींच्या मधात, बारीक अक्षरात लिहाले लागला: श्री. वासुदेवराव झाडे. तेवढ्यात हायवेवरून ट्रक गेला अन् त्याच्या हवेनं पान उडाले लागलं.

मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं, त्याचं लिहून होईपर्यंत.